गंगापूर धरणावरचे सडेफटिंग

"वधूवर मंडळ इथंच ना?"

मी गुडघाभर पाण्यात उभी राहून होडी किनाऱ्याला ओढत होते. वळून पाहिलं तर – इस्त्रीचा शर्ट, बगलेत पत्रिकेचं पाकीट आणि नवेकोरे बूट चिखलात रुतलेले! मला असं हसू फुटलं की हातातला दोरच सुटला. होडी निघाली आपली वाऱ्याबरोबर... आणि हा पठ्ठ्या बुटांसकट पाण्यात शिरून तिला धरून घेऊन आला.

गोरक्ष त्याचं नाव. मनमाडचा, रेल्वेत नोकरीला. त्याच्या मावशीनं पेपरातल्या आमच्या क्लबच्या जाहिरातीत 'फक्त अविवाहितांसाठी' एवढंच वाचलं होतं आणि त्याला इकडे पिटाळलं होतं.

"इथं मुली नाही दाखवत, शीड चढवायला शिकवतात," मी म्हटलं.

"चालेल की..." तो कानापर्यंत लाल झाला. "मुलगी तर दिसलीच."

आगाऊ कुठला!

आमचा हा 'सडाफटिंग नौका क्लब' सावळीरामकाकांनी चौऱ्याण्णव साली काढला. काका नौदलातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले. घरी जायची घाई नसलेल्यांनी रविवारी धरणावर यावं, वाऱ्याशी खेळावं, एवढीच त्यांची हौस. नियम एकच, पण कडक – लग्न ठरलं की क्लब सुटला. जाणाऱ्यांना काका पाण्यावरून शेवटची फेरी मारून आणायचे आणि हातात नारळ द्यायचे. नारळ दिला म्हणजे दिलाच! किती जोड्या इथंच जमल्या आणि इथूनच गेल्या. मला मात्र तो नारळ नको होता. इंदिरानगरच्या आमच्या घरात उठता-बसता स्थळांच्या गप्पा; 'हर्षाली, यंदा उरकायचं ना?' असं मला फक्त या पाण्यावर कुणी विचारत नव्हतं.

गोरक्ष दर रविवारी मनमाडहून यायला लागला. दोर बांधता बांधता बोटांना बोटं लागायची... आणि आम्ही दोघंही उगाच ढगांकडे बघायचो.

"हर्षाली, तुझे केस माझ्या तोंडावर येतायत."

"मग तोंड फिरव!"

"नको... येऊ देत."

काय करावं अशा माणसाचं? मला तो आवडायला लागला होता, फार आवडायला लागला होता, आणि म्हणूनच त्याचा राग यायचा.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी आम्ही ऐन मध्यावर असताना वारा पडला. शीड लुळं झालं. पाणी केशरी झालेलं, पलीकडच्या द्राक्षबागांवर धुकं उतरत होतं... गोरक्ष हळूच म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

माझे डोळेच भरून आले. "हो म्हणायला जीव तुटतोय रे माझा. पण हो म्हटलं की हे सगळं गेलं. मला तूही हवास... आणि हे पाणीही हवंय."

"मग मी क्लब सोडतो."

"डोंबल! लग्न काय तुझं एकट्याचं होणार आहे?"

तो हसला नाही. त्यानं पाण्यात हात घातला.

"मग लग्न राहू दे," तो म्हणाला. "तू होडी चालव. मी येत जाईन रविवारी... केस पिकले तरी येईन."

संपलंच की मग! याला सोडणं मला जमणार नव्हतं. मीच वल्ही उचलली आणि सपासप मारत किनारा गाठला.

"काका, मी याच्याशी लग्न करणार आहे," मी धापा टाकत म्हटलं. "आणि क्लबही सोडणार नाही. तुमचा नियम मोडा! लग्न झालं म्हणून माझे हात गळून पडणार आहेत का?"

काका आता चिडणार म्हणून गोरक्ष माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पण काका मटकन खडकावर बसले.

"पोरी, लग्न झालं की माणसं यायची थांबतात गं," ते म्हणाले. "पहिली जोडी 'येतो' म्हणून गेली. मी रविवारमागून रविवार वाट पाहिली. मग म्हटलं, आपणच नारळ द्यावा... म्हणजे वाट तरी पाहायला नको."

माझा सगळा आवेश विरघळला. मी त्यांचा हात धरला. "आम्ही येऊ, काका."

"सगळे असंच म्हणतात."

लग्न मनमाडला शनिवारी लागलं. सासूबाईंची कशीबशी समजूत घालून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं निघालो. हातांची हळद अजून उतरली नव्हती.

काका किनाऱ्यावर उभे होते, मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून.

"काका!"

ते वळले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गोरक्षकडे. आवाज करडाच निघाला –

"उशीर केलात. वाऱ्याला काय तुमच्या लग्नाचं कौतुक? चढा लवकर!"

आणि चष्मा पुसायला त्यांनी घाईघाईनं पुन्हा पाठ फिरवली.