लाल बासचं खोटं म्हातारपण

ठिणगीने मामाची बास गिटार वाचवली आणि घरभर तिचं कौतुक झालं. पण हे तुम्ही अजून वाचलेलं नाही. अजून ती मामाच्या तालमीच्या खोलीत स्पीकरच्या खोक्यावर बसून मावसभावाकडे बघत जळत होती.

मावसभावाला सगळे हिरो म्हणत. सुट्टीत मामा दोघांना बास शिकवत होता. ठिणगी मामाच्या काळ्या बासवर बोटांना फोड येईपर्यंत शिकली. हिरोला फोड आले नाहीत, कारण तो मुख्यतः आरशासमोर शिकला. आणि आज वाद्यांचा दुकानदार ती काळी बास नेऊन बदल्यात साठ वर्षं जुनी लाल बास देणार होता. ती हिरोने वाजवायची, असं मामाने ठरवलंही होतं. का, तर तो उंच आहे म्हणून.

"शिडीसुद्धा उंच असते," ठिणगी पुटपुटली.

दुकानदार रंग उडालेले कोपरे दाखवत होता. मामाचे डोळे पाणावले. जुनं काहीही दिसलं की ते पाणावतात. मागे एका गंजक्या किटलीपुढेही पाणावले होते.

ती बास खोटीच निघावी म्हणून ठिणगी तिच्याकडे टक लावून बघत बसली. मग तिने हिरोला ती गळ्यात अडकवायला सांगितली. त्याने लगेच पोझ दिली. त्याचा हात टेकला तिथला रंग साठ वर्षांत घासून जायला हवा होता, पण तो चकचकीत होता. खरवडलेला कोपरा इतका खाली होता, की तिथे फक्त माकडाचा हात पोचला असता.

"घड्याळ काढ," ती म्हणाली.

पट्ट्याखालचं मनगट गोरं होतं, बाकी हात उन्हाने रापलेला.

"आता तारांखालची ही पांढरी प्लेट काढ. तिच्याखाली ऊन पोचलेलं नसणार. उन्हाने कातडी काळवंडते, पण रंग फिका पडतो; म्हणजे तिथे तो गडद हवा."

हिरोने स्क्रू काढले आणि आत डोकावून पाहिलं. ठिणगीला वाटलं, आता हा थाप मारणार.

"मामा, आतही तेवढाच फिका आहे," तो म्हणाला. "ही मुद्दाम म्हातारी केलीय."

म्हणजे हा प्रामाणिकही निघाला. ठिणगी आणखीच जळली.

दुकानदार आपणच फसलो म्हणत लाल बास घेऊन गेला. मामाने ठिणगीची पाठ थोपटली, तिच्या नजरेला दुर्बीण म्हटलं, आणि काळी बास दोघांनी आळीपाळीने वाजवायची असा निकाल दिला. पहिली पाळी हिरोची, खरं बोलल्याबद्दल.

संध्याकाळी फ्रिजवर अर्ज लागला: "महोदय, सदर हिरो याची उंची व प्रामाणिकपणा तात्काळ निम्मा करून उरलेला भाग अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावा, ही नम्र विनंती."