सात नंबरचा विसावा

दुपारची जेवणं उरकली आणि सिस्टर विसावा घ्यायला निघाली. हौसेने नव्हे, तसा हुकूमच होता. वॉर्डात बेचाळीस रोगी आणि सिस्टर दोन. त्या थकतात, हे मोठ्या साहेबांनी कुठल्याशा भाषणात ऐकलं आणि त्यांना पान्हा फुटला. तिसरी सिस्टर नेमणं मात्र जिवावर आलं. म्हणून सात नंबरची खोली निळी रंगवली, सोफा टाकला, दारावर 'विसावा' लिहिलं. रोज वीस मिनिटं बसायचं आणि निघताना वहीत 'बरं वाटलं' असं लिहायचं. बरं न वाटण्याची सोय वहीत नव्हती.

महिन्यापूर्वी त्या खोलीत एक आजी होती. शेवटच्या दिवशी तिने अकरा वेळा घंटा वाजवली. दर वेळी सिस्टर दारावरून जाता जाता म्हणाली होती, "येते हो आजी, येते." मनात म्हणायची, पाणीच हवं असेल म्हातारीला, जीव थोडाच जातोय तिचा. शेवटी आत गेली तेव्हा आजी गार पडली होती. पेला कोरडा होता. आणि सिस्टरला काहीच वाटलं नाही. तेव्हापासून तेच तिला खात होतं.

ती सोफ्यावर टेकली. रंगाचा वास होता, आणि त्याच्याखाली ओल्या चादरीचा. बाहेरचे आवाज हळूहळू लांब गेले. मग घशाला कोरड पडली. जीभ टाळूला चिकटली. उठू गेली, तर पाय उचलेनात. भिंतीवर घंटेचं जुनं बटण होतं. रंगकामाच्या वेळी त्याची तार तोडली होती. तरी तिने दाबलं.

बाहेर घंटा वाजली.

चपलांचा आवाज दाराशी आला, थांबला.

"येते हो आजी... येते."

आवाज तिचा स्वतःचा होता. तोच कंटाळा, तोच वरवरचा गोडवा. पावलं निघून गेली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. अकराव्यांदा दाबताना बोटात त्राण उरलं नव्हतं.

दार उघडलं ते झाडूवाल्या मावशीने. "सिस्टर, तुम्ही इथं? मग आत्ता दारावरून गेलं ते कोण..."

सिस्टर धडपडत नळाशी गेली. पेला भरला, पण ओठाला लावला नाही. परत येऊन सोफ्याशेजारी ठेवला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

साहेब म्हणाले, बघा, मन मोकळं झालं. वॉर्डातल्या घंटांच्या फलकावर सात नंबरचा लाल दिवा विझेना, तर त्यांनी त्यावर निळी चिकटपट्टी लावून घेतली.

सिस्टर आता रोज पेला भरून ठेवते. तो रिकामा होतो. वहीत मात्र रोज एक जास्तीची ओळ असते, बिनसहीची, थरथरत्या अक्षरात. बरं वाटलेल्यांची संख्या काढताना साहेब तीही धरतात. वाचत नाहीत.

'येते म्हणाली होती.'