काठीची दोन टोकं

नेफसेतने दाराच्या चौकटीवर लाकडी पळीचा एक ठोका दिला… आणि आतून काहीच हालचाल झाली नाही.

एक ठोका म्हणजे जेवण तयार आहे. दोन म्हणजे कुणीतरी आले आहे. आणि जमिनीवर पळी घासली की, पुढे पायरी आहे, जपून. सासऱ्यांची दृष्टी गेल्यापासून या घरात एवढीच भाषा उरली होती. कारण चेर्केस जमातीतली सून सासऱ्याच्या कानावर आपला आवाज पडू देत नाही. मग एखाद्या शुभ दिवशी सासराच तिला काहीतरी भेट देतो, ‘बोल पोरी’ म्हणतो आणि तिचे तोंड मोकळे करतो. गावातल्या कुणा सुनेला वर्षभरात वासरू मिळाले होते, कुणाला रेशमी कापड. नेफसेतची मुलगी गुआशा आता तिच्याच खांद्याला लागली होती. पण नेफसेतला अजून ‘बोल’ कुणी म्हटले नव्हते.

तिने पुन्हा ठोका दिला आणि आत डोकावली. 

सकाळी तिने स्वतः बांधलेले गाठोडे सुटलेले होते. म्हातारे ईशाक पेटीसमोर बसून चाचपत चाचपत एकेक वस्तू परत आत ठेवत होते. लोकरीची टोपी, जपमाळ, हिवाळी मोजे… सगळे काही जिथल्या तिथे, जणू उद्या कुठे जायचेच नाही.

“मी येत नाही,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “तुम्ही दोघी जा. मी दाराला कुलूप लावून गेलो आणि मागून रुशित आला, तर त्याला दार कोण उघडणार?”

 रुशित! रीतीप्रमाणे तिने कधी न उच्चारलेले ते नाव, तिच्या नवऱ्याचे.

अठ्ठ्याण्णव सालचा तो उन्हाळा होता. पश्चिमेच्या डोंगरांकडून दिवसभर तोफांचा आवाज येई, ओबिलिचच्या वीजकेंद्राचा धूर त्या आवाजाने जणू थरथरत असे, आणि रस्त्यावर सैनिकांच्या गाड्यांची रांग मोडत नसे. परवाच गावाच्या टोकाच्या गोठ्यावर गोळा पडला होता. आणि अशा वेळी समुद्रापलीकडच्या ज्या मुलखातून त्यांच्या खापरपणजोबांना हाकलून दिले होते, त्या मुलखाने कोसोव्होतल्या उरल्यासुरल्या चेर्केसांना परत बोलावले होते. पहाटे मशिदीपाशी बस येणार होती; तिथून बेलग्राद, आणि मग विमान. त्यानंतर रस्ता उघडा राहील याची खात्री कुणीच देत नव्हते.

नेफसेत उलट्या पावली मागे सरली. सासऱ्यांकडे पाठ करायची नाही, हेही रीतीतलेच… मग ते दिसोत वा न दिसोत!

अंगणात सासऱ्यांची धाकटी बहीण कुतास हाशहुश करत येत होती. विधवा बाई, जिभेला हाड नाही, पण सगळ्या गावाच्या बाळंतपणांत पहिली हजर.

“काय गं, तयारी झाली? मी तर जुनी कढईसुद्धा घेतलीय. तिकडे कढया असतीलच म्हणा, पण त्यांना आपला हात कुठे ठाऊक!” एवढे बोलून तिने नेफसेतचा चेहरा पाहिला. “काय झालं? म्हातारा बिथरला ना?”

नेफसेतने नुसती मान हलवली. सासऱ्यांची खिडकी उघडी होती.

कुतास तरातरा आत गेली. “दादा, हे काय आरंभलंयस? आपल्या पणज्याला समुद्रातून आणताना निम्मी माणसं वाटेत मेली, पाण्यात टाकावी लागली, म्हणून तू जन्मात मासा खाल्ला नाहीस. आता विमानातून नेतायत तर नखरे करतोयस? तिथे कुणाला खाली टाकायची सोयसुद्धा नाही!”

“तू जा कुतास. तुझी कढई घेऊन जा.”

“आणि ही सून? ती तुला टाकून जाईल असं वाटतंय तुला? ती राहणार, म्हणजे पोर राहणार. एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी तीन मुडदे!”

“तिला जा म्हणून सांगितलंय मी.”

“सांगितलंयस! आणि तिने ‘नाही’ म्हणायचं तर कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्या तोंडाला तू कुलूप घातलंयस आणि किल्ली कमरेला लावून बसलायस. अख्खा गाव विचारतो, काय पाप केलंय तिने?”

 नेफसेत भिंतीला टेकून उभी होती. काय पाप केलंय तिने… हा प्रश्न तिने स्वतःला किती रात्री विचारला होता! नवऱ्याला घरात बांधून ठेवता न आलेली बाई. गाव हेच म्हणे, आणि सासऱ्यांचे मौन त्याला दुजोरा देई. ते कधी रागावले नाहीत, कधी ताट सरकवले नाही. अंगणात फिरायला निघाले की ते काठीचे एक टोक धरत, दुसरे टोक तिच्या हातात असे. दोघांमध्ये ती टणक रानलाकडाची काठी, आणि एका शब्दाचेही देणेघेणे नाही. ही शिक्षाच होती. दुसरे काय असणार?

आणि खरे काय होते, ते तिच्या काळजात दगडासारखे बसले होते. गुआशा रांगत होती तेव्हा रुशित जर्मनीला कामाला गेला. पुढे एका उन्हाळ्यात त्याचा चुलतभाऊ शाबान तिकडून आला, आणि विहिरीपाशी खाली मान घालून त्याने तिला सांगितले, की रुशितने तिथे दुसरा संसार मांडला आहे, त्याला दोन मुले आहेत, तो आता येणार नाही. नेफसेतच्या हातातली बादली विहिरीत पडली होती. पण ती रडली नाही. तिने शाबानला भाकरीवर हात ठेवायला लावला आणि हे कुणाला न सांगण्याची शपथ घ्यायला लावली.

तेव्हापासून दर शरदात, मिरच्यांच्या माळा भिंतीवर चढल्या की छोटी गुआशा आजोबांसमोर उभी राहून पाठ केलेले बोलत असे, “आजोबा, आई म्हणते, बाबांना यंदाही रजा नाही मिळाली.” आणि आजोबा म्हणत, “बरं. पुढच्या वर्षी.”

आता गुआशाला सगळे कळत होते. गोठ्यात तिने आईचा हात धरला.

“आई, सांगून टाक ना त्यांना.”

“हळू बोल.”

“किती हळू बोलायचं? जन्मभर तू हळूच बोलत आलीस! त्या माणसाची वाट बघत बसलेत ते, जो आपल्याला विसरलासुद्धा. तू सांगितलंस तर ते उठतील.”

“सांगितलं तर ते उठणार नाहीत गुआशा… कधीच उठणार नाहीत. त्यांचा तेवढाच तर श्वास आहे.” नेफसेतने मुलीच्या गालावरून हात फिरवला. “तू कुतासआत्याबरोबर जा. मी राहते. हे सगळं निवळलं की…”

“तू राहिलीस तर मीही राहीन.”

“वेडी आहेस का?”

“तुझीच मुलगी आहे.”

दूर कुठेतरी धडाका झाला. छपरावरून धूळ सांडली, आणि त्याच वेळी अंगणाच्या फाटकाशी घंटा वाजली. दोघी बाहेर धावल्या.

गाय! काल संध्याकाळी शेजारच्या अल्बेनियन कुटुंबाला देऊन टाकलेली त्यांची तांबडी गाय गळ्यात तुटका दोर घेऊन धापा टाकत सरळ सासऱ्यांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. रोज संध्याकाळी त्या खिडकीतून तिला मीठ मिळत असे. आतून म्हाताऱ्यांचा हात बाहेर आला, तिच्या कपाळावरून फिरला, तुटक्या दोराच्या टोकाशी थांबला.

“आलीस?” ते पुटपुटले. “ज्याला यायचं असतं, ते जनावरसुद्धा दोर तोडून येतं…”

नेफसेत जागच्या जागी खिळली. त्या आवाजात कसलीशी चिरफाळलेली छटा होती. वाट पाहणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो. पण विचार करायला उसंत कुठे होती? ऊन उतरत चालले होते. शेजारीण येऊन गाईला परत घेऊन गेली, आणि जाताना नेफसेतच्या गळ्यात पडून रडली. “जा गं बाई, जा. आम्हाला जायला जागा असती, तर आम्हीही थांबलो नसतो.”

ते शब्द नेफसेतच्या कानात घुमत राहिले. जायला जागा आहे… आणि आपण आपल्या पोटच्या पोरीला इथे मरायला ठेवतो आहोत! कशासाठी? एका रीतीसाठी? एका खोट्यासाठी?

दिवेलागणीला तिने निर्धार केला. रीत मोडायची. बोलायचे. आजवर गावात कुणा सुनेने केले नाही ते करायचे, आणि त्यांच्या काळजाचे काय व्हायचे ते होवो! देवा, मला क्षमा कर…

आज तिने ठोका दिला नाही. ती अनवाणी आत गेली आणि खाटेसमोर उभी राहिली. म्हातारे काठी गुडघ्यांवर आडवी घेऊन बसले होते.  तिने डोळे मिटले, ओठ उघडले आणि खोल श्वास घेतला.

“थांब.”

ईशाकांनी हात वर केला होता. आंधळ्या माणसाने तिचा तो श्वास ऐकला होता!

“थांब पोरी. बोलू नकोस. तुझा या घरातला पहिला शब्द तो नको.” ते म्हणाले. “तुला जे सांगायचंय, ते मीच सांगतो. माझा मुलगा येणार नाही. त्याने तिकडे घर केलंय. दोन मुलं आहेत त्याला… आता मोठी झाली असतील.”

 ती मटकन खाली बसली.

“शाबान आला होता त्या दिवशी मी कुंपणाच्या अलीकडे, नासपतीखाली बसलो होतो. डोळ्यांवर धुकं आलं होतं, पण कान शाबूत होते. बादली पडल्याचं ऐकलं. वाटलं, आता ही हंबरडा फोडेल. आणि तू म्हणालीस, ‘बाबांना सांगू नका. ते जगायचे नाहीत.’”  त्यांच्या निस्तेज डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते पुसण्याचेही त्यांना भान नव्हते. “तुझा आवाज मी आयुष्यात तेवढाच ऐकलाय. अजून कानात आहे.”

दाराशी गुआशा येऊन उभी होती. तिच्यामागे कुतास, तोंडात डोक्यावरच्या रुमालाचे टोक कोंबून.

“सगळ्यांना वाटलं, मी तुला शिक्षा देतोय. तुलाही वाटलं असेल… वाटलंच असेल. पण मी भ्यालो होतो गं! तुझं तोंड मोकळं केलं, तर पहिली गोष्ट तू हीच सांगशील. मग मला ती ऐकावी लागेल. तू गप्प होतीस तोवर माझा मुलगा वाटेवर होता. तुझ्या तोंडाला कुलूप लावून मी माझा मुलगा जिवंत ठेवला… तुझ्या आयुष्याच्या जिवावर.”

“दादा!” कुतास हुंदका देत म्हणाली. “अरे दगडा, मग इतकी वर्षं…”

“दगडच. बोल, आणखी बोल.” म्हाताऱ्यांनी सुस्कारा सोडला. “आणि आज हट्ट धरला तोही त्यासाठीच. दार सोडलं, म्हणजे तो नाही हे कबूल केलं. पण मघाशी ती गाय आली… मुकं जनावर आलं. आणि दुसरी मुकी माझ्यासाठी मरायला इथेच थांबणार होती. मी कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो? जी कधी गेलीच नाही, ती माझ्या काठीच्या दुसऱ्या टोकाला होती!”

त्यांनी गुडघ्यांवरची काठी उचलली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली.

“रीतीने भेट द्यावी लागते. वासरू नाही, गाय तर देऊन टाकली. कापड नाही, चांदी नाही. हे घर देऊ म्हटलं, तर तेही उद्या आपलं नाही. ही एवढी काठी उरलीय. घे. तू बोलायला लागलीस, की मला तिची गरज नाही. बोल पोरी… तुझं तोंड मोकळं झालं.”

नेफसेतने काठी घेतली. तिला बोलायचे होते. सगळ्या वर्षांचे सगळे बोलायचे होते! पण गळ्यातून आवाजच फुटेना. ओठ हलले, आणि नुसता वारा निघाला. ती त्यांच्या गुडघ्यांवर डोके ठेवून गदगदून रडू लागली, तेही सवयीने, निःशब्द. त्यांचा हात तिच्या केसांवर आला. सासऱ्याने सुनेच्या डोक्यावर हात ठेवायची त्या घरातली ती पहिली वेळ.

“राहू दे,” ते म्हणाले. “घाई नाही. एवढी वाट मी पाहीन. ही वाट पाहायला बरी आहे.”

गाठोडे गुआशाने पुन्हा बांधले.

पहाटे गाव मशिदीपाशी जमले होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हते. डोंगराकडचा आवाज आज जवळून येत होता, आणि चालकाने इंजिन बंदच केले नव्हते. ईशाकांनी निघताना घराच्या दाराला कुलूप लावले नाही. दार नुसते ओढून घेतले, क्षणभर त्यावर तळवा ठेवला आणि वळले. त्यांचा उजवा हात नेफसेतच्या खांद्यावर होता. काठी तिच्या काखेत होती.

“चला, चला लवकर!” चालक ओरडला. “रस्ता बंद झाला तर इथेच राहाल!”

माणसे चढली. कुतास कढईसकट दारात अडकली, तिला दोघांनी आत ढकलले. गुआशा चढली. आता फक्त ते दोघे उरले होते. बसच्या दारासमोर नेफसेत थांबली. सवयीने तिचा हात पळीसाठी कमरेशी गेला. पण पळी घरीच राहिली होती, चुलीशेजारच्या खिळ्याला.

म्हातारे उभे होते. त्यांचा एक पाय अंधारात अधांतरी चाचपत होता.

“बाबा,” नेफसेत म्हणाली, “पायरी आहे.”

आवाज घोगरा होता, एखादे न उघडलेले दार उघडावे तसा. बसमधली कुजबुज एकाएकी थांबली. खिडकीतून कुतासचा आवाज आला, “अगं बाई!” आणि मग तिलाही पुढे बोलवेना.

ईशाकांचा पाय पायरीवर टेकला होता. नीट, घट्ट टेकला होता. तरीही ते तसेच उभे राहिले, मान किंचित तिच्याकडे कलती करून.

“कुठे?” त्यांनी विचारले.

“इथे, बाबा,” ती म्हणाली. “इथेच.”