उसनी लेन्स

"अहो, हलू नका!" मी दबक्या आवाजात ओरडले.

तो हललाच. खंड्या उडाला. उंडासा तलावाच्या काठावर दीड तास कुडकुडत बसले होते मी, आणि हा माणूस...

"सॉरी मॅडम, मी तर बस बघून राहिलो होतो." मग माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून तो चक्क हसला. "अरे, आपल्या कॅमेऱ्यांची कंपनी एकच आहे! ही लावून बघा." आणि त्याने स्वतःची लांबलचक लेन्स काढून माझ्या हातात ठेवली. अनोळखी बाईच्या हातात!

राग माझ्या नाकावरच असतो. त्यात बँकेने नाशिकहून थेट उज्जैनला बदली केलेली. पण त्या लेन्समधून हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक दिसलं, आणि मी उडालेल्या खंड्याला विसरले.

हर्षल पोतनीस. कॉलेजात भूगोल शिकवायचा. घराणं आठ पिढ्या उज्जैनातलं, त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मी हिंदी. पुढचे दोन महिने दर रविवारी त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर, आणि तो शेजारी थर्मासमधला चहा ओततोय...

"आज खंड्याला पकडायची कोशिश करू," तो म्हणायचा.

"कोशिश काय, कोशिश? मराठीत बोला की!"

तो लाजायचा. ते लाजणं मला फार आवडायचं, आणि आवडतं म्हणून रागही यायचा. दोन महिन्यांत हा माणूस मनातलं एक अक्षर बोलेल तर शपथ! मी वाट बघते ती त्याची की लेन्सची, हे मी स्वतःलाही सांगेना.

शेवटी ठरवलं, कॅमेराच बदलायचा. त्याच्याकडे आहे तशी लेन्स आता निघत नाही. आमच्या कंपनीची नवी लांब लेन्स म्हणजे धोंडा. दुसऱ्या कंपनीकडे मात्र हलकी, हातात धरून चालणारी. पण एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं देऊन नवं घ्यायचं.

रविवारी त्याला सांगितलं. त्याचा चेहराच उतरला.

"नका बदलू."

"का?"

"मग माझी लेन्स तुम्हाला लागणार नाही."

"तेच तर! उसन्या लेन्सवर किती दिवस काढू?"

"ऋताजी..." तो एकेक शब्द तोलून बोलत होता. "दोन महिन्यांपासून मी — चेष्टा करतोय. दर रविवारी. तुम्हाला कळलंच नाही?"

चेष्टा? म्हणजे ती लेन्स, तो चहा, ते लाजणं... सगळी माझी थट्टा? तळपायाची आग मस्तकात गेली. लेन्स काढून त्याच्या हातात कोंबली.

"पुन्हा तोंड दाखवू नका, पोतनीस!"

सोमवारी अर्धी रजा टाकून फ्रीगंजातलं कॅमेऱ्याचं दुकान गाठलं. सगळं सामान काउंटरवर ओतलं. "एक्सचेंज. आत्ताच्या आत्ता." दुकानाचे म्हातारे मालक, भय्यासाहेब, माझ्या जुन्या लेन्सवर घट्ट बसलेला फिल्टर काढायला लागले. फडक्याने धरला, पिळला, फुंकला.

"बहुत चेष्टा कर ली मॅडम, निकल ही नहीं रहा।"

"कसली चेष्टा?" मी खेकसले.

भय्यासाहेब दचकले. "चेष्टा मतलब... कोशिश, मॅडम। शुद्ध हिंदी।"

चेष्टा म्हणजे कोशिश! कोशिशवर बंदी मीच घातली होती! बिचारा माझ्यासाठी शुद्ध मराठी बोलायला गेला होता. मला स्वतःचा भयंकर राग आला. मग त्याचाही. सरळ बोलायला काय धाड भरली होती?

"तो... एक्सचेंज कॅन्सल?" भय्यासाहेबांनी भीत भीत विचारलं.

सोपं होतं. जुना कॅमेरा ठेवायचा, त्याची लेन्स वापरायची, रविवार चालू. पण मग मी कशासाठी येते हे त्यालाही कळणार नाही आणि मलाही.

"नाही," मी म्हटलं. "करून टाका."

तिथून रिक्षाने नानाखेड्याला, त्याच्या घरी. हर्षलने दार उघडलं आणि दारातच थिजला.

"कोशिश म्हणायचं होतं ना तुम्हाला?"

"हो... मराठीत काय म्हणतात?"

"प्रयत्न! प्र-य-त्न! कसला प्रयत्न करत होतात दोन महिने? बोला आता. कुठल्याही भाषेत बोला!"

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "खूप... पहिल्या दिवसापासून."

समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. माझे कान तापले. तेवढ्यात त्याची नजर माझ्या गळ्यातल्या नव्या कॅमेऱ्याकडे गेली.

"बदललात..."

"बदलला."

"म्हणजे माझी लेन्स —"

"नाही बसणार. कधीच."

त्याने मान खाली घातली. "मग रविवारी आता तुम्ही कशाला येणार..."

इतका हुशार माणूस, आणि इतका मठ्ठ! मी त्याचा हात धरला. आवाज मात्र चढलेलाच होता.

"लेन्स आता माझी स्वतःची आहे. मी येईन ती तुझ्यासाठी!"