सुचेताचं अर्धं भाषण

"संध्याकाळपर्यंत खुलासा दिला नाही, तर संस्था मला संशोधनातून काढेल," सुचेता म्हणाली. मांडीवरची लेक तिची ओढणी चोखत होती.

तिच्या घरी आलेल्या, खासगी तपास करणाऱ्या जागृतीनं क्लिप लावली. चित्र अस्पष्ट, पण सुचेताचाच आवाज: 'हा वायू पृथ्वीवर सजीव तयार करतात. दूरच्या एका ग्रहावर तो सापडलाय.' बस्स. शुक्रवारी शाळेतल्या भाषणात ती पुढं बरंच बोलली होती. वायू खडकांतूनही येऊ शकतो, खात्री नाही, घाई नको. ते सगळं गायब. आता पडघ्यापासून शेलारपर्यंत गावोगाव 'परग्रहावर जीव सापडले' एवढंच फिरत होतं.

"मागं खटखट किती," जागृतीचा मदतनीस मिहिर म्हणाला. "कापडाच्या लूमशेजारी शाळा बांधतात!"

"भाषण पाठ केलेलं?" जागृतीनं विचारलं.

"शब्द न् शब्द. घरीच सराव केला. ऐकायला माझे वडील, तात्या, आणि मांडीवरची ही."

शाळेत भाषणाचं चित्रण करणारा भाविक कुरकुरतच आला. "माझ्या व्हिडिओतला आवाज एकदम क्लीन हाय, ताई. शुक्रवारी लूम बंद. मी कापाकापी केली न्हाय."

बातम्यांचं चॅनल चालवणारा केसरीनाथ फोनवर हसला. "मला आली तेव्हा एवढीच होती, मॅडम. मथळा माझा. 'कदाचित' लिहिलं तर कोण बघतं?"

सुचेताचे वडील, तात्या, चहा घेऊन आले. शेजारच्या लूमच्या आवाजावर ओरडूनच बोलले, "फोनवर नातीचा नाच बघा. स्टेटसला पूर्ण बसतच नाही, मेलं मधेच तोडतं."

"केसरीनाथनंच कापलं," मिहिर कुजबुजला.

"नाही," जागृती म्हणाली. "शुक्रवारी लूम बंद होते, क्लिपमध्ये चालू आहेत. म्हणजे ही शाळेतली नाही, घरच्या सरावाची. आणि कुणी कापलीच नाही. स्टेटसनं तोडली. हो ना तात्या?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. "ऊर भरून आला होता गं माझा. म्हणून लावलं."

"सुटलं की," मिहिर म्हणाला. "हेच लिहून द्या."

"देईन," सुचेता म्हणाली. "मग संस्थेतले म्हणतील, घरच्यांना समजावता आलं नाही, ती लोकांना काय समजावणार?"

जागृतीनं चहा तसाच ठेवला. पूर्ण भाषण तिनं केसरीनाथला पाठवलं होतं. 'लांब आहे,' एवढंच उत्तर आलं.

तात्या सुचेताजवळ टेकले. "सुचे, रागावू नकोस. पण सापडलेत ना जीव?"

सुचेतानं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली. तात्या मान हलवत राहिले. त्या खटखटीत त्यांना किती ऐकू येतंय, तिला कळेना.