गप्प राहिलेले रातकिडे

ज्या वर्षी शालूबाईच्या लेकीला, संयोगिताला, जुळं झालं, त्या दोन हजार तेवीस सालातली ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी. त्यामुळं घरात पेढ्यांचाही डबा होता आणि बर्फीचाही. डिसेंबर सरत आला होता. कोरेगावजवळच्या त्या वाडीवर अशी थंडी पडली होती की सकाळी बादलीत हात घालवत नव्हता.

शालूबाई चहा गाळत होती. तेवढ्यात वाडीतली बाळाबाई धापा टाकत दारात आली.

"शालूबाय, चला बिगीबिगी! पिंकीच्या शेडात गुंडाआबा मरून पडलाय!"

शालूबाई वाडीची पोलीस पाटील. नवरा फौजेत गेला, तिकडंच वारला, तेव्हापासून ती कुणाला फारशी घाबरत नसे. पण पिंकीच्या शेडाचं नाव निघालं की तिच्या अंगावर काटा यायचा. तिनं चहा तसाच ठेवला, शाल ओढली आणि निघाली.

पिंकी ही वाडीच्या बौद्ध वस्तीतली शिकलेली पोर. पुण्यात दुकानात काम करताना तिला एक धंदा दिसला. शहरातली माणसं परदेशी सरडे आणि पाली पाळतात, आणि त्या जनावरांना जिवंत किडा लागतो. मेलेल्याला ती तोंड लावत नाहीत. पिंकी गावी परतली, पत्र्याचं शेड बांधलं आणि रातकिडे पाळायला लागली. प्लास्टिकच्या टपांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करायचे, कोंडा आणि गाजर घालायचं, थंडीत बल्ब लावून ऊब द्यायची. एका कोपऱ्यात झुरळंही होती, तीही विकायची. वाडीनं नाकं मुरडली. एकटा गुंडाआबा तिच्याकडं जाऊन बसायचा.

शेडाचं दार उगवतीला. दारापाशी आबाचा मुलगा जयराज डोकं धरून उकिडवा बसला होता. त्याचा हमरस्त्यावर ढाबा होता.

शालूबाई आत शिरली. समोर बाजलं, बाजल्यावर आबा उताणा, अंगावर पांघरूण. डोकं उजव्या हाताला, डोक्याखाली घडी केलेलं पोतं. उशी पायाशी. गाल लालसर, उन्हातनं आल्यासारखे. बाजल्याजवळ खताची प्लास्टिकची गोणी अंथरलेली, तिच्यावर लोखंडी शेगडी. शेगडीत पांढरी राख आणि अर्धवट जळलेले कोळसे. खिडकी बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या.

ती बाहेर आली. थांबवेना म्हणून शेडाभोवती एक फेरी मारली. पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर आली.

"जयराज, कुणी पयल्यांदा बघितलं?"

"मीच. आबा रातीला घरी आला न्हाई, म्हणून उजाडल्यावर बघाय आलो."

"कशाला हात लावलास का?"

"न्हाई. दार ढकललं, बघितलं, नि वरडलो."

"त्याला हलवलं? शेगडी हलवली?"

"आवं न्हाई म्हणलं की! हाय तसंच हाय सगळं."

"घरातनं कवा निघाला हुता?"

"जेवून. अंधार पडल्यावर. रोजच जायाचा." जयराज एकदम उसळला. "किती येळा सांगितलं, आबा, त्या किड्यांत जाऊ नगा! ढाब्यावर गिऱ्हाईक मला इचारतंय, तुझा बाप झुरळं चारतो, तू आमाला काय चारतो? तोंड दावायची सोय न्हाई राहिली. आन ह्या पोरीनं त्याचा जीवच घेतला शेवटी."

बाळाबाईचं घर शेडाला लागूनच. ती पदरानं डोळे पुसत होती.

"माझ्या मेलीला रातभर झोप लागली बगा," ती म्हणाली. "किती महिन्यांनी. न्हाईतर ही किरकिर उशाला असती. दिवस मावळायला ट्रान्सफॉर्मर गेला, अंधार झाला, नि मी जी आडवी झाले ती कोंबड्यालाच उठले. आन हितं हा मरत हुता!"

"रातीला कुणाची हाक, कायबी?"

"कायबी न्हाई. किड्यांचासुद्धा आवाज न्हाई. मनात म्हणलं, मेली की काय पोरीची पैदास."

कोरेगावहून हवालदार तानाजी मोटरसायकलवर आला. त्यानं नाकाला रुमाल लावून आत डोकावलं आणि तेवढ्यातच त्याचं ठरलं.

"सरळ हाय, शालूबाई. लाईट गेली. किडं गारठू नयेत म्हणून म्हाताऱ्यानं शेगडी पेटवली, दार-खिडकी लावली, झोपला. कोळशाचा धूर. गाल बघा की कसं लाल झाल्यात."

"धूर खरा असंल," शालूबाई म्हणाली.

"मग झालं तर. पोरगी कुठाय?"

पोरगी त्याच वेळी आली. सांगलीहून पहिल्या एसटीनं, दोन्ही हातांत रिकामे खोके. गर्दी बघून तिनं खोके खाली टाकले.

"आबा?" एवढंच म्हणाली आणि दाराकडं धावली. तानाजीनं तिला अडवलं.

"कुठं हुतीस?"

"सांगलीला. किडं पोचवायला. शेवटची गाडी चुकली, मावशीकडं राहिले."

"शेगडी कुणाची?"

"माझी. लाईट गेली तर शेणी घालून लावते. पण खिडकी उघडी ठेवून, आन मी जागी असताना."

"म्हाताऱ्याला लावाय सांगितलीस?"

"न्हाई! फकस्त गाजर घाला म्हणलं. लाईट गेली तर राहूद्या, गारठ्यानं मरत न्हाईत ती, नुसती सुस्त पडत्यात, असं सांगून गेले."

"सांगून गेलीस! म्हातारं माणूस, त्याला शेगडीशेजारी ठेवून गेलीस. निष्काळजीपणा म्हणत्यात ह्याला. गाडी येतीय, प्रेत दवाखान्यात जाईल, तू माझ्यासंगं ठाण्यात यायचं. शेडाला सील लागंल."

"सील?" पिंकीचा चेहरा उतरला. "साहेब, सगळी मरत्याल. माझं दुसरं काय न्हाई."

"हिकडं माणूस मेलंय नि हिला किड्यांची पडलीय!" जयराज ओरडला.

शालूबाईनं पिंकीचा दंड धरून तिला बाजूला नेलं.

"आबा हितं झोपायचा?"

"कवातरी. म्हणायचा, घरात डोळ्याला डोळा लागत न्हाई, ह्यांच्या आवाजात लागतो. पयल्या दिशी मी बाजल्यावर उशी टाकली, तर म्हणाला, उत्तरंला डोकं? मला आत्ताच पोचवतीस व्हय गं? मग स्वताच उशी फिरवली." पिंकीला हसू येता येता रडू फुटलं.

"गाजर कुठं ठेवलं हुतंस?"

पिंकीनं बोट दाखवलं. दाराशेजारी फळीवर वाडगं होतं, वर ओलं फडकं. शालूबाईनं फडकं उचललं. वाडगं काठोकाठ भरलेलं. एक काप कमी नव्हता.

"येऊन पयलं काय करायचा त्यो?"

"गाजर. बसायच्या आदी गाजर. पोरांस्नी जेवू घातल्याबिगर आपण कसं टेकायचं, म्हणायचा."

शालूबाई टपांपाशी गेली. मन घट्ट करून तिनं एक ट्रे उचलला. रातकिडे पुठ्ठ्याला चिकटून बसले होते. बोटानं ढकलला तर एखादा कसाबसा पाय हलवायचा. जिवंत होते, पण गार.

मग ती शेगडीपाशी वाकली. शेगडी उचलली, खालच्या गोणीवरून तळवा फिरवला आणि शेगडी होती तिथंच ठेवली.

"तानाजीराव, गाडी येईस्तवर थांबा. मी आले."

"कुठं निघाला?"

"ढाब्यावर. च्या राहिलाय माझा."

जयराजनं मान वर केली.

ढाबा चालण्याच्या अंतरावर. पुढं टेबलं, मागं घर. तंदुरीच्या भट्टीशेजारी कोळशाचं पोतं तोंड उघडून पडलं होतं. वाडीत बाकी सगळ्यांकडं लाकूड नाहीतर शेणी. जयराजची बायको रेश्मा मागच्या खोलीत फरशी पुसत होती.

"सासरा गेला आन फरशी पुसतीस?"

रेश्मा दचकून उभी राहिली. डोळे सुजलेले. "घाण झाली हुती."

"कसली?"

रेश्मानं बादली मागं सरकवली. शालूबाईनं दाराकडं बघितलं. बाहेरून नवी कोरी कडी बसवलेली. स्क्रू अजून चकाकत होते. आतल्या बाजूनं, कमरेच्या उंचीवर, रंगाला ताजे ओरखडे.

"रेश्मा, तोंड उघडशील तर बरं हुईल."

"मला काय इचारू नगा, आत्या. मला लेकरं हायत."

"त्या पोरीलाबी आई हाय."

रेश्मानं फडकं पिळलं. पिळतच राहिली.

शालूबाई परतली तेव्हा लाईट आली होती. शेडात पिंकीचे बल्ब पेटले होते आणि टपांवर पिवळा उजेड पडला होता. तानाजी घड्याळ बघत होता. गाडी कोरेगावातून निघाली होती.

"झाला च्या?"

"न्हाई. तुमी नि पिंकी दारात उभं ऱ्हावा. जयराज, तूबी."

"मी कशाला? मला गाडीसंगं जायाचंय."

"गाडी येईस्तवर ऱ्हा."

जयराज या पायावरून त्या पायावर होत होता. बाळाबाई तोंडाला पदर लावून उभी. बराच वेळ गेला. मग एका टपातून बारीक किर्र झालं. थांबलं. दुसऱ्या टपातून झालं. बघता बघता सगळं शेड किरकिरायला लागलं, इतकं की तानाजीला आवाज चढवावा लागला.

"ह्यो काय तमाशा, शालूबाई?"

"तमाशा न्हाई. आता मी सांगते, ते ऐका. ऊब मिळाली की ही वरडत्यात. गारठली की गप. बाळाबाय, काल दिवस मावळल्यापास्नं आवाज आला?"

"एकदाबी न्हाई."

"म्हंजे हे शेड रातभर गार हुतं. हितं शेगडी पेटली असती तर एवढ्याशा पत्र्याच्या खोलीत ऊब धरली असती, नि बाळाबायची झोप उडाली असती."

"धुरानं गप झाली असत्याल," तानाजी म्हणाला.

"धूर साठायला येळ लागतो. त्याच्या आदी ऊब येती का न्हाई? मग वरडायला नगं? बरं, ते सोडा. शेगडी उचला."

तानाजीनं शेगडी उचलली.

"खालची गोणी बघा. प्लास्टिकची हाय. माणूस मरंस्तवर निखारं फुललं, नि गोणी सुरकुतलीसुद्धा न्हाई? थंड राख आणून ओतलीय शेगडीत. आन कोळसा कुणाचा? ह्या वाडीत कोळसा एकाच भट्टीला लागतो."

जयराज म्हणाला, "कोळसा आबानं नेला असंल की ढाब्यावरनं. बापानं न्यायला काय चोरी हाय?"

"नेला असंल. पण गाजराला हात न्हाई लावला त्यानं. जो माणूस किड्यांस्नी चारल्याबिगर टेकत नव्हता, त्यो गाजर फळीवर ठेवून झोपला? न्हाई गड्या. काल रातीला तुझा बाप हितं आलाच न्हाई. आणला गेला, मेल्यावर."

"कुणी आणला? कुणीबी आणला असंल! त्या वस्तीतल्या पोरांनी..."

"थांब." शालूबाईचा आवाज एकदम खाली आला. "मगाशी तूच म्हणलास, कुणी त्याला हलवलं न्हाई. मग ह्या बाजल्याकडं बघ. उशी दक्षिणंला, आबानं स्वताच ठेवलेली. आन डोकं? उत्तरंला. उशीवर पाय, डोक्याखाली पोतं. जन्मभर उत्तरंला डोकं करून न झोपलेला माणूस. उत्तरंला डोकं कवा करत्यात रं आपल्यात?"

जयराजनं तोंड फिरवलं.

"मेल्यावर. ज्यानं आणला त्याला ठावं हुतं ह्यो मेलाय, नि ज्यानं आणला त्यो ह्याचा कुणीतरी हुता. अंधारात, घाईत, तुझ्या हातांनी आपलं काम केलं. तू बापाला झोपवलं न्हाईस, जयराज. मढं ठेवलंस."

तानाजी जयराजच्या आणि मोटरसायकलच्या मधे जाऊन उभा राहिला.

"ढाब्याच्या मागच्या खोलीला बाहेरनं नवी कडी हाय," शालूबाई म्हणाली. "आतनं दारावर ओरखडं हायत. डॉक्टर सांगंल कोळशाचा धूर, ते खरंच हाय. पण कुठल्या खोलीतला धूर, ते डॉक्टरला न्हाई कळायचं. म्हणून तुला ही पोरगी सापडली. बापाचं मरणबी तिच्या माथी, आन शेडबी बंद."

"मी मारलं न्हाई त्याला!" जयराजचा आवाज फाटला. "थंडी हुती म्हणून घमेल्यात निखारं ठेवलं मीच, त्याला ऊब म्हणून! कडी लावली ती त्यानं हिकडं येऊ नये म्हणून. सकाळी उघडणार हुतो. मला काय ठावं..."

"दार वाजवत हुतं."

सगळे वळले. रस्त्यावर रेश्मा उभी होती, अनवाणी, हात ओलेच.

"आबा दार वाजवत हुतं," ती म्हणाली. "लय येळ. म्हणत हुतं, जीव घाबरा झालाय, उघड रं जया. मी उठले तर ह्यांनी मला खाली बसवलं. म्हणलं, नाटकं हायत त्याची, किड्यांकडं जायाचंय. मग वाजायचं थांबलं. हे म्हणलं, बघ, झोपला."

जयराजनं तिच्याकडं बघितलं. मग जमिनीकडं. तो मघाच्याच जागी, दारापाशी, उकिडवा बसला. तानाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ. चल."

पिंकीला कुणी काही म्हणालं नाही. ती आत गेली, आबाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर येऊन रेश्माशेजारी उभी राहिली. दवाखान्याची गाडी वळणावर दिसायला लागली होती.

गुंडा ज्योती घाडगे, वय एकाहत्तर, राहत्या घराच्या मागच्या खोलीत, बाहेरून कडी लावलेली असताना, कोळशाच्या धुरानं गुदमरून वारला. ती रात्र सत्तावीस डिसेंबर दोन हजार तेवीसची.