राजधानीतून उठवलेली माणसं

एकाहत्तरच्या मार्चातली गोष्ट. निवडणुकीची ड्युटी संपते न संपते तोच आम्हा मास्तर लोकांच्या गळ्यात शिरगणती पडली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय. माणशी एक चिठ्ठी भरायची: नाव, वय, जन्म कुठला, याआधी राहणं कुठं. कुणी सुटायचं नाही आणि कुणी दोनदा यायचं नाही. दारोदार हिंडून माझे पाय भरून आले होते, कुणाशी गोड बोलायची ताकद उरली नव्हती.

त्या दुपारी रंकाळ्याच्या पलीकडे, गगनबावड्याच्या रस्त्याला, तानूबाईचं तेवढं घर राहिलं होतं. म्हातारी उंबऱ्यातच बसलेली. तिनं मला पाणी दिलं.

“दोन मानसं लिवा, मास्तर. मी आनि माजा ल्योक कृष्णात.”

“कुठं आहे तो?”

“आत पडलाय. दमून आलाय दिल्लीस्नं. इचारा की, सांगंल त्यो.”

आतल्या खोलीत काळोख होता. मी बाहेरूनच विचारलं, “याआधी राहणं कुठं?”

“दिल्ली...” आवाज बसका, घशात माती गेल्यासारखा.

“राज्य?”

“दिल्लीच.”

मी पडलो भूगोलाचा मास्तर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. म्हणालो, “दिल्ली हे राज्य नव्हे. राजधानीसाठी वेगळा काढलेला प्रदेश आहे तो. केंद्रशासित.”

“व्हय. त्या राजधानीसाठीच खनत हुतो की आमी...”

वय सत्तावीस, काम पाया खणायचं. सगळं त्यानं नीट सांगितलं आणि मी लिहून घेतलं. लिहिलेला माणूस डोळ्यांनी बघायचा, ही माझी पद्धत. म्हणून आत डोकावलो.

आत कुणी नव्हतं. मागं दार नव्हतं, खिडकी नव्हती. मार्चच्या त्या रखरखाटात ओल्या मातीचा वास मात्र नाकात बसत होता.

“तानूबाई... आत कुणी नाही.”

म्हातारी माझ्याकडे बघतही नव्हती. “दोन वर्सं झाली. पाया खनताना दरड आली अंगावर. बाहीर काडलाच न्हाय त्येला. वर सरकारी घरं हाईत आता. तितं त्येला कोन लिवनार? हितं तरी ऱ्हाऊ द्या.”

मला भीती वाटली, आणि तिची दयाही आली. पण मेलेला माणूस जिवंतात धरला तर नोकरीवर गदा येणार. मी चिठ्ठी फाडायला घेतली.

“फाडू नगा, मास्तर...” आतून आवाज आला. “आनि ह्येंची बी लिवा.”

“कुणाची?”

“तितल्या गावाची. राजधानीसाठी गाव उठवलं. जित्यांस्नी दुसरीकडं जागा मिळाली, मेल्यांस्नी कोन देतंय? त्येंच्या मसनवट्यावरच आमी पाया खनला. आल्यात माज्यासंगं... लई चालल्यात.”

आत कुणीतरी सुस्कारा टाकला. मग दुसऱ्यानं. कोपऱ्यात एक बाई खोकली.

“आईच्या खोपटात मावत न्हाईत. तुमचं घर मोटं हाय न्हवं?”

आता बघा, नको असलेल्या माणसाला वाटेला लावायचा आपल्याकडं एकच शब्द आहे. शाळेत, कचेरीत, सोयरिकीत मी जन्मभर तोच वापरला. घाम पुसत म्हणालो, “बरं... बघू.”

चिठ्ठी तशीच ठेवून मी सायकल काढली. सायकल जड लागत होती. दमलोय म्हणून असेल, असं मनाला समजावलं.

घरी आलो तर मीनाक्षीनं, माझ्या बायकोनं, भाकरींची चवड रचली होती. ठेवणीतली ताटं पुसून मांडली होती.

“पाव्हणे मागनं येतायत म्हणून दारातनं सांगून गेलासा, आणि आता एकटेच?”

मी सकाळपासून घराकडे फिरकलो नव्हतो. तसं सांगणार तोच तिनं हातानं मला गप्प केलं आणि मागच्या दाराकडे निघाली.

परड्यात हौदावर कुणीतरी पाय धूत होतं. मग आणखी कुणी. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज यायचा, पुन्हा उचलल्याचा यायचा. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. परडं मोकळं होतं.

“किती लांबनं आलेत बिचारे,” मीनाक्षी हळूच म्हणाली. “सगळ्यांच्या अंगावर माती आहे हो.”

हौदातलं पाणी तळाला गेलं, तरी पाय धुणं चाललंच होतं.